हौशी म्हणजे भाड्यालाही पैसे नाहीत?

तुमचा लेख आवडला, पण स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या क्वीन्स पार्क फुटबॉल क्लबच्या पहिल्या दहा वर्षांबद्दल (१८६७ ते ७७) लिहिताना 'निव्वळ हौशी' बाण्याचं कौतुक जरा जास्तच झालंय. १८७२ ची एफए कप या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेची उपांत्य फेरी घ्या. लंडनला जाऊन तिथल्या वाँडरर्स क्लबशी ०-० बरोबरी केली, पण फेरसामन्यासाठी थांबायला पैसे नव्हते, म्हणून स्पर्धाच सोडून घरी परतले. कप पुढे वाँडरर्सनेच नेला. पैसा नको म्हणणं वेगळं आणि भाड्यालाही नसणं वेगळं!

आमच्या इंदूरची तऱ्हा उलटी. होळकरांनी १९२३ साली क्रिकेटपटू सी. के. नायडूंना बोलावून थेट फौजेत कॅप्टन केलं. नोकरी कागदावर, काम क्रिकेटचं. फुटबॉलवाल्यांच्या नशिबी असले महाराज कुठले! रामबागेतल्या आमच्या टीमची वर्गणी बॉलच्या आतल्या रबरी ब्लॅडरचे पंक्चर काढण्यातच संपायची. चामड्याचा बॉल पावसात भिजला की हेडर मारणारा कपाळ धरून बसे, कारण बॉल शिवणाऱ्या वादीची गाठ नेमकी तिथेच लागायची.

आणि हो, ३० नोव्हेंबर १८७२ ला इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात स्कॉटलंडचे अकराही खेळाडू याच क्लबचे होते, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. त्यावर सविस्तर लिहा ना. डिसेंबर १८७६ मधला व्हेल ऑफ लीव्हन या स्कॉटिश क्लबकडून झालेला पराभवही येऊ द्या. सलग तीन स्कॉटिश कप जिंकणाऱ्या क्वीन्स पार्कला त्या स्पर्धेतून पहिल्यांदा बाहेर काढलं ते व्हेल ऑफ लीव्हननेच.