"गप्पा मारून धोरण ठरत नाही" हा मेसेज चुकीचा आहे

कालपासून आपल्या ग्रुपवर फिरतंय की डब्ल्यूएचओ फक्त आकडे मानते, लोकांच्या मुलाखती घेणं म्हणजे टाइमपास. हे खरं नाही हो, प्लीज पुढे पाठवू नका. 2012 साली डब्ल्यूएचओने बाळंतपण आणि नवजात बाळांच्या सेवेत कोणतं काम कुठल्या आरोग्य कर्मचाऱ्याला द्यावं यावर गाइडलाइन काढली, त्यात मुलाखतींवर आधारलेले अभ्याससुद्धा पद्धतशीर तपासून वापरलेत.

गोवंडी, धारावीतल्या टीबीचंच बघा ना. रजिस्टर सांगतं किती पेशंटनी गोळ्या मधेच सोडल्या. पण का सोडल्या? कोणाची हजेरी बुडते, कोणाला भीती की घरमालकाला कळलं तर खोली जाईल, कोणी गावी गेला आणि तिथं नाव ट्रान्सफरच झालं नाही, हे त्याच्याजवळ बसून ऐकल्याशिवाय कळणार कसं, आणि कारण माहीत नसताना नुसते मेसेज आणि पोस्टर वाढवून काय होणार?

आता उलटंही तितकंच खरं, दहा जणांशी बोललो म्हणून अख्ख्या मुंबईचं तसंच आहे असं म्हणता येत नाही, त्याला मोजणी लागतेच. मिक्स्ड मेथड्स म्हणजे हेच, दोन्ही करायचं आणि एकमेकांशी ताडून बघायचं. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 1989 च्या अभ्यासात तपासलेल्या 92 टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, आधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त 8 टक्के. आकडा हादरवणारा आहेच, पण त्या इतकी वर्षं गप्प का राहिल्या हे त्यांनाच विचारायला लागतं.