आमच्या आज्यांना कुठे होतं हे सगळं?

नागपुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर जोरात फिरतोय. म्हणे, रजोनिवृत्तीचा त्रास पाश्चात्त्य बायकांनाच होतो, कारण त्यांना म्हातारपणाची भीती. आपल्याकडे वयाला मान, म्हणून आज्यांना काही झालं नाही. बाकी सगळं औषध कंपन्यांचं खूळ.

यात थोडं खरं आहे, म्हणून तर तो पटतो. मानवशास्त्रज्ञ मार्शा फ्लिंट यांनी १९७५ मध्ये राजस्थान आणि हिमाचलमधल्या राजपूत बायकांविषयी लिहिलं, तेव्हा बहुतेकींची पाळी थांबण्यापलीकडे तक्रार नव्हती. पण का? पाळी गेली की त्यांना पडद्याबाहेर येऊन पुरुषांमध्ये बसता-बोलता यायचं. आपल्या महाल-इतवारीतही चार दिवस बाजूला बसणाऱ्या बाया ‘सुटले बाई एकदाची’ म्हणायच्या, आणि मनापासून म्हणायच्या. ज्या रिवाजाने तीस-पस्तीस वर्षं देवघराबाहेर ठेवलं, त्यानेच सुटकेचं श्रेयही घ्यायचं? हे भारीच झालं.

वयाला मान म्हणाल, तर तो किल्ल्या कमरेला असलेल्या सासूला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा बाईला कुणी ओळीत बसवलं होतं? वय तर तिचंही झालेलं होतं.

आज्यांना त्रास नव्हता याचा पुरावा काय, तर त्या बोलल्या नाहीत. कुणाजवळ बोलणार? मे महिन्यात पारा ४५ वर, सगळं घर गच्चीवर झोपलेलं. त्यात एकीच्या मानेतून उठलेली वाफ वेगळी कोण ओळखणार? रात्री उठून बसली तर गरमी, चिडचिड केली तर पित्त.

मेक्सिकोतल्या ग्रामीण माया बायकाही गरम वाफांची तक्रार करत नाहीत. १९९३ च्या एका अभ्यासात त्यांची तपासणी झाली, तेव्हा इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन अमेरिकी बायकांसारखंच उतरलेलं होतं आणि हाडांची घनताही घटलेली होती. तक्रार नाही म्हणून हाडं झिजायची थांबली नाहीत. आपल्याकडे तर पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, अमेरिकेत ५१ च्या आसपास. म्हणजे झिजायला आपल्या हाडांना वर्षं जास्तच मिळतात.

कंपन्यांनी अमेरिकेत ‘तारुण्य टिकवा’ म्हणत हार्मोनच्या गोळ्या खपवल्या, हे कबूल. २००२ मध्ये तिथली एक मोठी चाचणी धोके दिसल्यामुळे मध्येच थांबवावी लागली. पण त्याने वाफा खोट्या ठरत नाहीत.

सगळ्यात घातक ओळ मजकुराच्या तळाशी आहे: ‘जाताना असं होतंच, डॉक्टरकडे धावू नका.’ वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी ते ‘जातानाचं’ नव्हे. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, कधी कधी गर्भाशयाचा कर्करोग असतो, आणि हे घरी बसून कळत नाही. बायकांच्या डागा रुग्णालयात जा, सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जा, नाहीतर ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे. पण त्याच आठवड्यात जा.