ठोके 75 आले म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढायचं?

'ईसीजी घरच्या घरी वाचा' हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. कागदावर दोन उंच टोकांमधले मोठे चौकोन मोजा, 300 ला त्या संख्येनं भागा, मिनिटाचे ठोके मिळतील. उत्तर 60 ते 100 आलं तर हृदय ठणठणीत, 60 च्या खाली आलं तर ब्लॉकेज, आणि मशीननं छापलेला आकडा कधीच चुकत नाही, असं त्यात लिहिलंय. मी लक्षही दिलं नसतं. पण परवा आत्याचा फोन आला. "सकाळपासून छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय रे, पण मागच्या महिन्यातला ईसीजी काढून चौकोन मोजले. चार आले, म्हणजे 75. काळजी नको."

मागच्या महिन्यातल्या कागदावरून आजचं दुखणं कसं कळणार? तिला तसंच उचलून दवाखान्यात नेलं. नव्या ईसीजीतही ठोके 78 च होते, पण एसटीचा भाग, म्हणजे उंच टोकानंतरचा रेषेचा तुकडा, वर उचललेला होता. हार्ट अ‍ॅटॅक.

ठोक्यांचा वेग ही ईसीजीतली एक गोष्ट झाली. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय का, हे लाटांच्या आकारावरून कळतं आणि तेही पहिल्याच कागदावर दिसेल असं नाही. म्हणून तर अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि इतर संस्थांच्या 2021 च्या छातीदुखीवरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की रुग्ण पोचल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी काढून तो डॉक्टरांनी बघायला हवा, आणि त्यात निदान झालं नाही पण त्रास चालूच असेल तर पुन्हा पुन्हा काढायला हवा. घरी चौकोन मोजत बसण्यात हीच मिनिटं जातात.

300 चं गणित खरं आहे, तेवढं मान्य. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, मोठा चौकोन 0.2 सेकंदांचा, म्हणून मिनिटाला 300 चौकोन. पण ठोके एकसारख्या अंतरानं पडत असतील तरच. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे ठोके अनियमित पडण्याच्या आजारात, एका जागी दोन चौकोन भरतात, पुढे पाच. म्हणजे एकाच कागदावर 150 आणि 60! तिथे 10 सेकंदांच्या पट्टीतले ठोके मोजून सहानं गुणतात.

'60 च्या खाली म्हणजे ब्लॉकेज' हे तर निव्वळ शब्दांची गल्लत. हार्ट ब्लॉक म्हणजे विजेच्या संदेशाच्या वाटेतला अडथळा; रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज वेगळं. शिवाय अनेक खेळाडूंचे ठोके 60 च्या खाली असतात, बीटा ब्लॉकर ही ठोके मंद करणारी औषधं घेणाऱ्यांचेही असू शकतात.

आणि मशीन चुकतं. टी लाट, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकानंतर येणारी लाट, उंच असली की तिलाही ठोका समजून ते कधीकधी दुप्पट आकडा छापतं.

आत्याला हा मेसेज ज्या ग्रुपवर आला, तिथे मी हे सगळं टाकलंय. पाठवणाऱ्यानं तो अजून काढलेला नाही.