नायिकेबद्दल नंतर बोलू, आधी क्रियापदं मोजा

कादंबरीवर चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नायिका खंबीर आहे का? ती नोकरी करते, उलट बोलते, शेवटी घर सोडते, म्हणजे पुस्तक पुरोगामी ठरतं. हा निकष मला अत्यंत फसवा वाटतो. नायिकेच्या तोंडी चार बाणेदार वाक्यं घालायला फार कष्ट पडत नाहीत. बाईपण आणि पुरुषपण घडतं ते साध्या वाक्यांत, जिथे लेखकाचंही लक्ष नसतं. आणि पुरुषपणाची तर झाडाझडती कुणी घेतच नाही, कारण पुरुष म्हणजे ‘माणूस’ असं धरूनच आपण वाचतो.

तपासायची एक पद्धत सांगतो. कुठल्याही कादंबरीची सुरुवातीची, मधली आणि शेवटाकडची सलग तीन-तीन पानं घ्या. बाई आणि पुरुष दोघंही हजर असलेलीच पानं निवडा. दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन आधी फक्त क्रियापदांखाली रेघा मारा. मग त्यांचे तीन ढीग करा. एकात काहीतरी बदलवणारी: ठरवलं, नाकारलं, विकलं, दार उघडलं. दुसऱ्यात बघण्या-थांबण्याची: बघत राहिली, ऐकत होती, वाट पाहिली. तिसऱ्यात शरीर आपोआप करतं ती: लाजली, थरथरली, डोळे भरून आले. बाईचा रंग दुसऱ्या-तिसऱ्या ढिगात साचला असेल, तर तिचे संवाद कितीही धारदार असोत, कथानक तिच्या हातात नाही.

मग शरीर. कुणाचं वर्णन कधी येतं ते पाहा. पुष्कळदा बाई पानावर पाऊल टाकते तेव्हाच तिचं रूप सांगून होतं. पुरुषाचं शरीर मात्र तो जखमी झाल्यावर, थकल्यावर किंवा मेल्यावरच दिसू लागतं.

शेवटी काम, आणि मराठीत ही फेरी सगळ्यात फलदायी ठरते. ‘चहा आला.’ ‘ताटं वाढली गेली.’ ‘खोली आवरलेली होती.’ या वाक्यांत करणारं माणूसच नाही. अशी वाक्यं वेगळी काढून प्रत्येकापुढे ‘कुणी?’ असं लिहा. उत्तर बहुतेक वेळा एकाच दिशेला जातं, आणि ते लेखकाने लपवलेलंही नसतं, त्याला दिसलेलंच नसतं.

मोजताना चुका होतात. निवेदन ‘मी’चं असेल तर निवेदकाची क्रियापदं जास्त भरणारच, तेव्हा त्याला बाजूला ठेवून बाकीच्या पात्रांची तुलना करा. युद्धावरच्या कादंबरीत बायका कमी असणं वेगळं, आणि घरातल्या कादंबरीत त्या गप्प असणं वेगळं. दडपलेल्या बाईची गोष्ट असेल तर तिला कृती कमीच असणार. तिथे पाहायचं ते हे, की तिला कुणी आणि कसं थांबवलं ते वाक्यात नोंदवलंय, की तिचं थांबणं हा स्वभाव म्हणून खपवलंय. आकडे म्हणजे गुण नव्हेत, कुठे बारकाईने वाचायचं ते आकडे दाखवतात. ॲलिसन बेक्डेलच्या 1985 च्या व्यंगचित्रातली ती तीन अटींची कसोटी (दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि विषय पुरुष नसावा) आज शिक्क्यासारखी वापरतात. ती उत्तीर्ण होऊनही पुस्तक बाईला तुच्छ लेखू शकतं.

हेच काम मोठ्या प्रमाणावरही झालंय. टेड अंडरवुड, डेव्हिड बॅमन आणि सब्रिना ली यांनी 2018 मध्ये जवळपास एक लाख इंग्रजी कथा-कादंबऱ्या संगणकाने तपासल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आजपर्यंत स्त्री आणि पुरुष पात्रांच्या वर्णनातली भाषा हळूहळू जवळ येत गेलेली दिसली. पण त्याच इंग्रजीत 1850 ते 1950 दरम्यान स्त्रियांनी लिहिलेल्या पुस्तकांचं प्रमाण सुमारे निम्म्यावरून सुमारे पावावर घसरलं. शिवाय पुरुषांच्या पुस्तकांत स्त्री पात्रांना सतत कमी जागा, तर स्त्रियांच्या पुस्तकांत वाटणी जवळजवळ सारखी. काळ पुढे गेला की आपोआप सगळं सुधारतं असं मानणाऱ्यांनी या घसरणीपाशी थोडं थांबावं.

आता आपल्या भाषेकडे येतो. ‘मी जातो’, ‘मी जाते’: मराठी निवेदकाने तोंड उघडलं की त्याचं लिंग कळलं. फ्रेंचमध्ये ॲन गॅरेटा यांनी 1986 मध्ये निवेदक आणि त्याचं प्रेमपात्र या दोघांचंही लिंग न कळू देता आख्खी कादंबरी लिहिली. मराठीत असं दोन पानं लिहून पाहा, सराव म्हणून याला तोड नाही. ‘मी पत्र वाचलं’ चालतं, कारण क्रियापद पत्रामागे जातं. ‘मी उद्या येईन’, ‘मला राग आला’, ‘मी घरात आहे’ हेही चालतं. अडतं ते ‘बसलो/बसले’, ‘होतो/होते’, ‘थकलेला/थकलेली’ इथे. खरा सापळा बोलणं, विसरणं, शिकणं या क्रियापदांचा. कर्म असूनही ती कर्त्यामागे जातात: ‘मी पत्ता विसरलो’, ‘मी गाणं शिकले’. संवादात ‘म्हणालो/म्हणाले’ टाळून ‘विचारलं’, ‘सांगितलं’, ‘उत्तर दिलं’ यांवर निभावावं लागतं. मजकुरात भांडणाचा एक प्रसंग ठेवा आणि चार जणांना वाचायला द्या. प्रत्येकाला विचारा, निवेदक कोण वाटला आणि नेमक्या कुठल्या ओळीवर? ‘दार आपटलं’ या ओळीवर कुणाला पुरुष दिसतो आणि ‘भांडी घासायला घेतली’ या ओळीवर कुणाला बाई, ते लगेच कळतं.

अदलाबदलीचा उपाय तर आपल्याकडे जुनाच आहे. 1881 मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली (पुढे ती कमी झाली), आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं गेलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून त्याला उत्तर दिलं. बायकांवर लादलेला एकेक दुर्गुण उचलायचा आणि तोच पुरुषांत नाही काय, असं रोखठोक विचारायचं, ही त्यांची रीत. आजच्या मजकुरावरही ती जशीच्या तशी चालते. पानावरची नावं आणि क्रियापदांची रूपं उलटी करा. ‘तिने ठणकावलं, तो कुरकुरला’ वाचताना कानाला खटकलं, तर तिथे निव्वळ सवय बोलत होती. ‘तो रात्री एकटा चालत निघाला’ यात ‘ती’ घातल्यावर मात्र गोष्टच बदलते, कारण बाहेरचं जग वेगळं वागतं. हे दोन प्रकार वेगळे ठेवा. पहिला पुसायचा असतो, दुसरा गोष्टीत आणायचा असतो.

पुरुष पात्रांचं म्हणाल तर त्यांच्या वाट्याला बहुधा राग, मौन आणि दारू. तो घाबरायला हवा तिथे वाक्य काय करतं ते पाहा: ‘त्याने सिगारेट पेटवली.’ भीती दिसायच्या आतच हातांना काम मिळतं. समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांनी 1995 मध्ये पुरुषत्वाबद्दल अनेकवचनात लिहिलं. पुरुषांतही उतरंड असते, हा त्यांचा मुद्दा वाचताना फार कामाला येतो. नायक धाकट्या भावाशी, हाताखालच्या माणसाशी, ‘बायकी’ म्हणून हसण्यावारी नेलेल्या पात्राशी कसा वागतो, त्यावरून लेखकाच्या मनातला ‘खरा पुरुष’ कळतो.

यावर पुरुषाला रडवणं हा उपाय नव्हे, जसा नायिकेच्या हाती पिस्तूल देणं हाही नव्हे. दुसऱ्यात नायकाचा सदरा फक्त बाईच्या अंगावर चढतो. त्याऐवजी पुरुषाला काळजी घेण्याचं एखादं काम द्या, आणि कौशल्यासकट द्या. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना कुशीवर कसं वळवायचं, टाचेखाली उशी कुठे सरकवायची, कुठली गोळी जेवणाआधीची आणि कुठली नंतरची, हे त्याला माहीत असू द्या. असे प्रसंग फसतात ते पुढच्याच वाक्यात. बायको दारात उभी राहून कौतुकाने बघते, नाहीतर पाहुणे म्हणतात, किती गुणी मुलगा. बाईने हेच केलं असतं तर ते वाक्य आलं असतं का? येणार नसेल, तर इथलंही काढून टाका.