‘फ्लोअर क्रॉस केला’ म्हणण्याआधी

आमदाराने पक्ष बदलला की मराठी वाहिन्यांवर ‘फ्लोअर क्रॉस केला’, ‘रिबेल झाला’, ‘स्प्लिट पडली’ हे सगळं एकाच अर्थाने बोललं जातं. ब्रिटनमध्ये राहून हे ऐकताना मला ही सरमिसळ घातक वाटते, कारण आपल्या प्रतिनिधीचं पद जाऊ शकतं की नाही, हेच मतदाराला त्यातून कळत नाही.

इथल्या संसदेत सरकार आणि विरोधक समोरासमोरच्या बाकांवर बसतात. मधली मोकळी जागा म्हणजे फ्लोअर. 1904मध्ये चर्चिल ती ओलांडून लिबरलांकडे गेले. 3 सप्टेंबर 2019 रोजी पंतप्रधान जॉन्सन बोलत असतानाच त्यांच्याच हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे खासदार फिलिप ली लिबरल डेमोक्रॅट्सच्या बाकावर जाऊन बसले आणि सरकारचं बहुमत गेलं. खासदारकी दोघांचीही राहिली, कारण इथे पक्षांतरबंदी कायदाच नाही. त्याच रात्री सरकारविरुद्ध मत दिलेल्या 21 हुजूर खासदारांना संसदीय पक्षातून काढलं गेलं. ते बंडखोर होते. पक्षांतर त्यांनी केलं नव्हतं.

आपल्याकडे राज्यघटनेच्या 1985च्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, असा बंडखोरही अपात्र ठरू शकतो. पक्षादेश मोडून मत दिलं किंवा मतदान टाळलं आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर एवढंही पुरतं.

सर्वांत मोठा घोळ ‘स्प्लिट’चा आहे. एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला मिळणारं संरक्षण 2003च्या 91व्या घटनादुरुस्तीने संपलं. दोन तृतीयांश आमदारांची अट आहे ती दुसऱ्या पक्षात विलीनीकरणाची. सप्टेंबर 2022मध्ये गोव्यात काँग्रेसच्या 11पैकी 8 आमदार भाजपमध्ये गेले, ते याच वाटेने. शिवसेनेतल्या शिंदे गटाने मात्र विलीनीकरण केलंच नाही. आपणच मूळ पक्ष, असा त्याचा दावा होता आणि 10 जानेवारी 2024 रोजी विधानसभाध्यक्षांनी तो मानला. दोन्ही प्रकरणांना ‘स्प्लिट’ म्हटलं की कायद्याचा खरा प्रश्नच झाकला जातो.

‘ब्रिटनसारखी मोकळीक द्या’ असं म्हणणाऱ्यांनी इथल्या मतदाराकडेही पाहावं. 2015च्या कायद्याने 10 टक्के मतदारांच्या सह्यांवर खासदाराला परत बोलावता येतं, पण ठरावीक शिक्षा किंवा निलंबन झालं तरच. पक्ष बदलला म्हणून नाही. 2014मध्ये हुजूर पक्ष सोडणाऱ्या कार्सवेल आणि रेकलेस या खासदारांनी राजीनामा देऊन आपल्या नव्या पक्षातर्फे (यूकेआयपी) पोटनिवडणूक लढवली, ती स्वखुशीने. मला हाच मार्ग प्रामाणिक वाटतो, आणि महाराष्ट्रातही पक्ष सोडणाऱ्याला आधी विचारावं ते एवढंच: राजीनामा कधी?