मॉन्टेरेला जावं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या मॉन्टेरे या गावावरचा माझा लेख वाचून तुम्ही जुलैमध्ये आई-बाबांना घेऊन सॅन होजेहून तिथे गेलात. दिवसभर धुकं, बोचरा वारा, गाडी लावायला जागा शोधण्यात पाऊण तास, मत्स्यालयाच्या चार तिकिटांचे अडीचशे डॉलर, आणि समुद्र असा की पाय बुडवला तर कळ यावी. परतताना बाबा म्हणाले, "यापेक्षा आपलं गुहागर काय वाईट?" शेवटी तुम्ही लिहिलंय की कोकणातल्या माणसाने मॉन्टेरेला जाऊ नये, आणि माझ्यासारख्यांनी उगाच कौतुक करून लोकांचा दिवस वाया घालवू नये.

आधी माझी चूक. मी गेले होते ऑक्टोबरमध्ये, आणि लेखात महिना लिहिलाच नाही. निळं आकाश, अंगात साधा स्वेटर, असे फोटो टाकले आणि कधी जायचं ते सांगायला विसरले. ही चूक लहान नाही. तुमच्या आई-बाबांचा एक दिवस त्यात गेला, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

जुलैत धुकं मिळालं हा तुमच्या नशिबाचा दोष नव्हता. ते तिथे दर उन्हाळ्यात असतं. वसंतापासून वायव्येचा वारा किनाऱ्याच्या बाजूने वाहायला लागतो, वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि त्याच्या जागी खालचं थंडगार पाणी वर येतं. समुद्रावरची दमट हवा त्या पाण्याला लागून गारठते आणि तिचं धुकं होतं. आत, किनाऱ्यापासून दूरचं सेंट्रल व्हॅलीचं खोरं तापलं की ती गार हवा धुक्यासकट किनाऱ्याकडे ओढली जाते. म्हणून सॅन होजेत पंखा लावून बसावं लागतं त्या दिवशी मॉन्टेरेत जाकीट लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वारा मंदावतो आणि आकाश मोकळं होतं. पाणी मात्र तेव्हाही गारच, १० ते १५ अंशांच्या आसपास. पोहायला, वाळूत किल्ले करायला जायचं असेल तर मॉन्टेरे नकोच. त्या बाबतीत गुहागर शंभर पटींनी चांगलं, यात वाद नाही.

पण "कोकणातल्या माणसाने जाऊ नये" हे मला पटत नाही. उलट, कोकणातल्या माणसाने एकदा तरी जावं असं मला वाटतं, आणि त्याचं कारण मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं. घरातली गोष्ट म्हणून राहून गेलं होतं. आता लिहिते.

मी मालवणची. बाबा उभं आयुष्य रापणीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल सोडलेलं लांबलचक जाळं. वीस-तीस माणसं किनाऱ्यावरून दोर ओढून ते बाहेर काढतात, आणि मिळालेल्या मासळीचे सगळ्यांत वाटे होतात. बाबा इथे आले तेव्हा त्यांना मी कॅनरी रोवर नेलं, म्हणजे मॉन्टेरेत मासे डब्यात भरणारे कारखाने जिथे होते त्या रस्त्यावर. दुकानांत त्यांना काडीचाही रस नव्हता. एका जुन्या फोटोसमोर मात्र ते थांबले. ओळीने उभ्या असलेल्या बायका, डोक्याला फडकी, हातात सुऱ्या, समोर तारलीचा ढीग. मालवणच्या बंदरावरचा फोटो म्हणून खपला असता. मी त्यांना वाचून दाखवलं. बोटी धक्क्याला लागल्या की कारखान्याचा भोंगा वाजायचा, प्रत्येक कारखान्याचा आवाज वेगळा, आणि रात्री दोन वाजता का असेना, आपला भोंगा ओळखून माणसं कामावर धावायची. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला एका हंगामात दोन लाख टनांहून जास्त तारली इथे उतरली. तिच्यातली कितीतरी डब्यात गेलीच नाही. दळून तिचं कोंबड्यांचं खाद्य केलं, खत केलं, तेल काढलं.

बाबांनी विचारलं, "आणि मगे? एवढो मासो गेलो खंय?"

संपला. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांतच जाळी रिकामी यायला लागली. समुद्राच्या तापमानाचे चढउतारही त्यामागे होते, पण उतरत्या काळातही उपसा थांबला नाही. एकेक कारखाना बंद पडला, शेवटचा १९७३ मध्ये. ज्या मत्स्यालयाच्या तिकिटावर तुम्ही रागावलात ते त्याच कारखान्याच्या जागेवर आहे. हॉव्हडेन नावाच्या नॉर्वेजियन माणसाचा तो कारखाना. तुमच्या सॅन होजेजवळच ज्यांनी ह्यूलेट-पॅकार्ड उभी केली त्या डेव्हिड पॅकार्ड आणि त्यांच्या पत्नी ल्युसील यांनी पैसा दिला आणि २० ऑक्टोबर १९८४ ला ते उघडलं. दारातून आत गेल्यावर जुने बॉयलर तसेच ठेवलेले दिसतात. तुम्ही त्यांच्यासमोरून गेला असाल, पण आत जायच्या रांगेत कोण बघतं त्यांच्याकडे.

आता ज्या बाईसाठी मी हे सगळं लिहितेय तिच्याकडे येते. ज्युलिया प्लॅट. अमेरिकेत बाईला प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळणं कठीण होतं त्या काळात तिने जर्मनीत, फ्रायबुर्गला, १८९८ मध्ये ती मिळवली. परत आली तर विद्यापीठात नोकरी नाही. ती मॉन्टेरेला खेटून असलेल्या पॅसिफिक ग्रोव्हमध्ये राहायला आली आणि गावच्या कारभारात लक्ष घालू लागली. लोकांचा किनाऱ्यावर जायचा रस्ता अडवणारं कुंपण तिने स्वतःच्या हातांनी फोडलं होतं. १९३१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ती महापौर झाली. कारखाने तेव्हा धडाडून चालू होते, घाण सरळ समुद्रात जात होती. समोरच्या समुद्रावर गावाचा हक्क तिने राज्याकडून मिळवला आणि कारखान्यांच्या अगदी शेजारचा, हॉपकिन्स या सागरी संशोधन केंद्रासमोरचा किनाऱ्याचा पट्टा राखीव करून घेतला. १९३५ मध्ये ती गेली. त्या पट्ट्यातून पुढे आजूबाजूला काय पसरेल हे बघायला ती नव्हती.

काय पसरलं ते सांगते. पाणमांजरांची शिकार फरसाठी इतकी झाली होती की कॅलिफोर्नियात ती संपलीच असं लोक धरून चालले होते. १९३८ मध्ये दक्षिणेला बिक्स्बी क्रीकजवळ पन्नासेक जिवंत सापडली. तिथून ती हळूहळू उत्तरेला सरकली आणि १९६०च्या दशकात मॉन्टेरेला पोचली. आज राज्यात तीनेक हजार आहेत. अर्चिन नावाचा काटेरी जीव केल्पचं, म्हणजे माडासारख्या उंच वाढणाऱ्या समुद्री वनस्पतीचं, मूळच कुरतडतो. पाणमांजर अर्चिन खातं, त्यामुळे केल्पचं रान वाढतं आणि त्या रानात मासा वाढतो. राखीव पट्टा, त्यात उरलेले जीव, मग पाणमांजर, मग रान, अशी ही साखळी. तिला पन्नास वर्षं लागली.

बाबांनी पहिलं पाणमांजर पाहिलं ते मत्स्यालयात नव्हे, बाहेर, फुकट. पॅसिफिक ग्रोव्हच्या लव्हर्स पॉइंटजवळ खडकांच्या अलीकडे ते उताणं तरंगत होतं. छातीवर एक चपटा दगड, दोन्ही पंजांत शिंपला, आणि ठक-ठक-ठक असा आवाज पाण्यावरून आम्ही उभे होतो तिथपर्यंत येत होता. शिंपला फुटला, आतलं खाल्लं, मग अंगाभोवती एक गोल गिरकी घेऊन पोटावरचा कचरा धुतला आणि परत बुडी. बाबा अर्धा तास कठड्याला टेकून उभे. मग म्हणाले, "ह्या करताना रापणकारांक कोणी इचारल्यान काय?"

हा प्रश्न कुठून आला ते मला लगेच कळलं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा एकोणतीस चौरस किलोमीटरचा समुद्र १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि मच्छीमारांनी त्याला विरोध केला. आमच्या घरातही केला. आज त्याच समुद्रात पर्ससीनची मोठी घेरणारी जाळी आणि एलईडी दिवे लावून मासे उपसणाऱ्या बोटींविरुद्ध तेच रापणकार भांडतायत. प्लॅटबाईंच्या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते हे की राखायचं की नाही हे ठरवायचा हक्क तिने आधी गावाच्या हातात आणला. बाबांना मी एवढंच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पण गाडीत बसल्यावर रस्ताभर मालवणात नेमकं कुठे राखावं आणि कुठे मासेमारी चालू ठेवावी, हे मला खडकांच्या नावांसकट सांगत होते. त्यांच्या तोंडून असं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं.

म्हणून म्हणते, कोकणातल्या माणसाने जावं. वाळूसाठी नाही. एकदा रिकामा झालेला समुद्र पुन्हा कसा भरतो, हे उघड्या डोळ्यांनी बघायला मिळतं म्हणून.

पैशांबद्दल तुमचं बरोबर आहे. अडीचशे डॉलर खूप होतात आणि आई-बाबा मनात त्याचे रुपये करतात, मग समोरचा मासा दिसत नाही. मत्स्यालय उत्तम आहे. आठेक मीटर उंच केल्पच्या टाकीसमोर बसलं की तास जातो. टाक्यांमधलं पाणी उपसागरातूनच येतं. दिवसा लोकांना नीट दिसावं म्हणून ते गाळतात, रात्री न गाळता सोडतात, म्हणजे जिवांना त्यातलं अन्न मिळतं. लहान मुलं बरोबर असतील तर ते पैसे वसूल. पण फक्त मोठी माणसं असतील आणि मन खात असेल, तर मत्स्यालय खुशाल सोडा. सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह या टोलच्या किनारी रस्त्याबद्दल तर मी तुमच्याही पुढे जाईन. श्रीमंतांची घरं बघायला टोल भरायची गरज नाही. तोच समुद्र आणि तेच खडक पॅसिफिक ग्रोव्हच्या सनसेट ड्राइव्हवरून फुकट दिसतात.

तुमचे आई-बाबा नोव्हेंबरपर्यंत इथे आहेत असं तुम्ही लिहिलंय. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये मधल्या वारी एक दिवस काढा, शनिवार-रविवार नको. गाडी कॅनरी रोवर नेऊच नका. पॅसिफिक ग्रोव्हमध्ये लव्हर्स पॉइंटच्या आसपास रस्त्याकडेला लावा, तिथे बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. तिथून मत्स्यालयापर्यंत जुन्या रेल्वेच्या मार्गावरून मैलभराची सपाट पायवाट आहे. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते, बसायला बाकं आहेत. वाटेत हॉपकिन्सचं कुंपण लागतं. त्याच जागी चिनी कोळ्यांची वस्ती होती, १९०६ मध्ये ती जळाली. कुंपणापलीकडच्या वाळूवर सील पहुडलेले असतात. पाणमांजर शोधायचं तर केल्पचे तपकिरी पट्टे बघा, ते त्यातच अंग गुंडाळून झोपतं. नुसत्या डोळ्यांनी तो ओंडका वाटतो. माझ्याकडे दुर्बीण आहे. आदल्या आठवड्यात निरोप टाका, घेऊन जा.