टर्बो बसवला म्हणून सायलेन्सर काढायची मुभा मिळत नाही

बायकर्सच्या ग्रुपवर हल्ली एकच युक्तिवाद सारखा ऐकू येतो. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, स्वतःच आवाज दाबतो, मग पुढे सायलेन्सर कशाला? सरळ नळी सोडून द्या. मीही गाडीवेडा आहे, इंजिन उघडलेलं दिसलं की पाय निघत नाही. म्हणूनच स्पष्ट लिहितो, यात तथ्य अर्धंच आहे आणि पोरं त्या अर्ध्यावर खिसा रिकामा करतायत.

तथ्य एवढंच. एक्झॉस्टचा गॅस टर्बाइनची पाती फिरवतो, त्यात त्याचा जोर खर्ची पडतो, इंजिनाचे ठोके मोडतात आणि आवाज थोडा मऊ होतो. पण १९८२ साली होंडाने सीएक्स ५०० टर्बो आणली, पाठोपाठ यामाहा, सुझुकी आणि कावासाकी उतरले, तेव्हा चौघांनीही टर्बोच्या पुढे रीतसर सायलेन्सर दिलाच. टर्बोचं काम सिलिंडरमध्ये हवा कोंबण्याचं. आवाज कमी होतो तो ओघाने, आणि रस्त्यावर चालण्याइतका होत नाही.

त्यात वेस्टगेट नावाच्या झडपेचा भाग कोणी सांगतच नाही. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की जादा गॅस टर्बाइनला वळसा घालून बाहेर पडतो. कंपनीच्या गाडीत तो परत सायलेन्सरकडे वळवलेला असतो. गॅरेजमधल्या जुगाडात तीच वाट बऱ्याचदा उघड्यावर सोडतात. मूठ पूर्ण पिळली की तिथून जी किंकाळी फुटते, ती ऐकल्यावर ‘टर्बो आवाज दाबतो’ असं कोणी म्हणूच शकणार नाही.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२० प्रमाणे प्रत्येक गाडीला सायलेन्सर हवाच, टर्बोला सूट नाही. १७५ सीसीवरच्या दुचाकीला कंपनीतून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. धावत्या गाडीपासून साडेसात मीटरवर माइक ठेवून, थ्रॉटल उघडून ती मोजतात. टर्बो बसवणं हा मुळात इंजिनातलाच बदल, तेव्हा गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाजाचं कलम १९०(२) वेगळंच, तिथे लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं.

दुसरीकडे निवासी भागात रात्री दहानंतर एकूण परिसराच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. डेसिबलचं गणित साधं नसतं, दर दहाला आवाजाची ऊर्जा दहापट होते. गल्लीत तान्हं बाळ नुकतंच झोपलेलं असतं, कोणाच्या घरी बायपास झालेला माणूस पडून असतो. त्यांनी तुमची पॉवर का ऐकायची?

सगळ्यात जास्त चीड येते ती ‘टर्बो’ म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियमच्या शिट्टीची. बोटभर लांब, बाजूला एक स्क्रू, सायलेन्सरच्या तोंडात अडकवायची. गॅस त्यातून गेला की शीळ वाजते, बस. तिने इंजिनात एक श्वासही जास्त जात नाही, उलट बाहेर पडायची वाट अडते. डीबी किलर, म्हणजे सायलेन्सरच्या तोंडातली आवाज दाबणारी जाळी, काढून देणारे गॅरेजवालेही तसेच. ती अडकवणारी क्लिप काढली, जाळी ओढली, पाच मिनिटांत पैसे घेतले. चौकात पावती मात्र त्या पोराच्या नावावर फाटते.

ज्यांना खरंच उघड्या नळीची हौस आहे त्यांनी ट्रॅकवर जावं. कावासाकीनेही हेच केलं. टर्बोऐवजी सुपरचार्जर, म्हणजे एक्झॉस्टऐवजी इंजिनानेच फिरवलेला हवेचा पंखा, असलेली एच२आर फक्त ट्रॅकसाठी आणि रस्त्यासाठी वेगळी एच२, सायलेन्सर लावून.

पोलिसांकडे माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. कानाने अंदाज बांधून कंपनीचाच सायलेन्सर असलेल्या बुलेटवाल्याला अडवू नका, हातात मीटर घ्या. आणि रोडरोलरखाली सायलेन्सर चिरडण्याआधी तो कुठून घेतला, कोणी बसवला, हे त्या पोराला विचारून त्या दुकानापर्यंत जा.